काल दिसला नाहीत?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २००४ मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा ‘बीएमआय’ दोघांचाही अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघंही सडपातळ. चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतूनही बारीक असतोच असं नाही, हे याज्ञिकांनी पुणे परिसरातल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून जगाला सांगितलं. या टिपणात त्यांनी स्वतःलाच नमुना म्हणून उभं केलं. त्यात जाता जाता एक मिश्कील शेराही होता. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ते गाठण्यासाठी केलेली धावपळ, असा त्याचा आशय.

पुढे वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’नं देशोदेशींच्या बैठेपणाचा हिशेब मांडला. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं दमवणारा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा. ती पुरी न करणारे भारतीय प्रौढ २००० मध्ये २२.३ टक्के होते. २०२२ मध्ये ४९.४ टक्के झाले. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. १५० मिनिटं म्हणजे रोजची साधारण २२ मिनिटं. तेवढ्या वेळात लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागाही मिळत नाही.

व्यायाम चांगला हे न पटलेला माणूस पुण्यात शोधूनही सापडणार नाही. त्याचं घोडं सुरुवातीपाशीही अडत नाही. सुरुवात तर पुणेकर वर्षातून तीन-चारदा करतोच: एक जानेवारीला, पाडव्याला, पावसाळा सरल्यावर आणि रक्ताचा रिपोर्ट हातात पडल्यावर. नवे बूट येतात, पावलं मोजणारं घड्याळ येतं, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूर्योदयाचे फोटो पडू लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फोटो थांबतात. मग ‘मोटिव्हेशन टिकत नाही हो’ हे वाक्य ऐकू येतं आणि त्यावर उपाय म्हणून आणखी मोटिव्हेशन शोधलं जातं. कुणाचं भाषण, कुणाचे रील्स, कुणाचं पोट आत गेल्याचे आधी-नंतरचे फोटो.

मोटिव्हेशन टिकत नाही, हे अगदी खरं आहे. चुकतं ते पुढचं गृहीतक, की व्यायाम टिकायचा तर आधी ते टिकलं पाहिजे. पुण्यात वीस-वीस, तीस-तीस वर्षं सकाळी बाहेर पडणारी माणसं पाहिली, तर त्यांच्यात असामान्य जिद्दीची फारशी कुणी आढळत नाहीत. त्यांच्याकडे दोन साध्या गोष्टी असतात: जवळची जागा आणि ओळखीची माणसं.

पैसे भरले की माणूस झक मारत जातो, हा एक लोकप्रिय समज. जिमची वार्षिक पॅकेजं त्यावरच विकली जातात. अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सभासदांच्या हजेरीचा अभ्यास स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच येत होते. एका खेपेचा खर्च १७ डॉलरच्या वर गेला, आणि दहा खेपांचा सुटा पास काढला असता तर तीच खेप १० डॉलरला पडली असती. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारा पुणेकर बारा महिन्यांची फी एकरकमी भरून मार्चपासून दिसेनासा होतो, तो याच हिशेबात बसतो. फी भरताना आपण उद्याच्या स्वतःबद्दल फार चांगलं मत बाळगून असतो, एवढाच त्याचा अर्थ.

जिद्दीचं उदाहरण म्हणून पुण्यात हमखास पुढे केले जातात ते लोकमान्य टिळक. गोष्ट खरी आहे. १८७३ मध्ये ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृती तोळामासा. पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावण्यात घालवलं. कुस्ती, पोहणं, मेहनत. त्यापायी वर्ष गेलं तरी पर्वा केली नाही. शाळेत ही गोष्ट निश्चयाच्या बळाची म्हणून सांगितली जाते. पण त्यावेळची त्यांची राहणी पाहा. वसतिगृहात मुक्काम, खाली नदी, जोडीला त्याच वयाची मुलं, आणि घरचं कुणी दळण आणायला पाठवणारं नाही. असा एक वर्षाचा मोकळा काळ आजच्या हिंजवडीतल्या तिशीच्या इंजिनिअरला कोण देणार? त्याला टिळकांची जिद्द घे म्हणून सांगणं सोपं, टिळकांची परिस्थिती देणं अवघड. शिवाय कमावलेलं शरीरही सगळ्यांतून वाचवतं असं नाही. मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षं त्या शरीरानं काढली, पण मधुमेहानं त्यांना गाठलंच.

‘२१ दिवस केलं की सवय लागते’ हे वाक्य कुठून आलं कोण जाणे, पण त्यानं पुष्कळ नुकसान केलं आहे. बाविसाव्या दिवशीही अंथरूण सोडवत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःला नालायक ठरवतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि रोजची नोंद ठेवली. एखादी गोष्ट आपोआप घडू लागायला मधल्या अंदाजानं ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ वर गेला. जेवताना पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मधे एखादा दिवस हुकला तर त्यानं काही बिघडलं नाही.

हा हुकलेला दिवसच खरा महत्त्वाचा. आपल्याकडे व्यायाम मोडतो तो नेहमी कशानं तरी: लग्न, गणपती, मुलाची परीक्षा, पुण्याचा ऑगस्ट. एक दिवस जातो, दोन जातात, मग ‘आता सोमवारपासून’ होतं आणि सोमवारचा महिना होतो. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका भल्यामोठ्या प्रयोगात अमेरिकेतल्या ६१,२९३ जिम सभासदांवर ५४ निरनिराळ्या युक्त्या करून पाहिल्या गेल्या. आठवणीचे संदेश, बक्षिसं, गोडगोड शाबासकी, सगळं. त्यातली अव्वल ठरलेली युक्ती क्षुल्लक होती. खाडा झाल्यावर जो परत येईल त्याला जास्तीचे काही गुण, किंमत अमेरिकेतल्या ९ सेंटांची. चार आठवडे संपल्यावर बहुतेक युक्त्यांचा असर ओसरला, हेही त्याच अभ्यासातलं. पण खाडा झालेल्या माणसाला परत बोलावणारं काहीतरी हवं, एवढं त्यातून कळतं.

पर्वतीवर हे काम फुकटात होतं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर, तिथवर जाणाऱ्या १०३ पायऱ्या. पहाटे साडेपाचला तिथं जी वर्दळ असते ती सगळी देवासाठी नसते. कुणी एकदा चढतं, कुणी पाच-पाच वेळा. ठरावीक पायरीवर ठरावीक मंडळी टेकतात. त्यातला एक जण दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी प्रश्न येतो: ‘काय काका, काल दिसला नाहीत?’ या प्रश्नात खास पुणेरी चौकसपणा आहे, थोडा आगाऊपणाही आहे. गुडघ्याचं कारण सांगितलं की चार डॉक्टरांची नावं आणि दोन तेलं सुचवली जातात. पण काका चौथ्या दिवशी येतात. दहा हजार पावलं मोजणारं घड्याळ मनगटावर थरथरतं. त्याला काही उत्तर द्यावं लागत नाही. माणसाला द्यावं लागतं.

हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई, चतुःशृंगी, पाषाणची टेकडी, विद्यापीठाचं आवार, सारसबाग: पुण्याचं नशीब असं की व्यायामाच्या जागा शहराच्या कुशीतच आहेत. प्रत्येकीचा एक समाज आहे. टेकडीवर झाडांना पाणी घालणारे कॅन घेऊन चढतात, आणि पाणी घालायचं म्हणून चढतात. उद्यानांत नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा भरतात. तिथं हात वर करून खोटं खोटं हसणाऱ्या आजी-आजोबांकडे पाहून तरुणांना मजा वाटते. पण वाढदिवस साजरे करणारा, सहली काढणारा, आजारी सभासदाच्या घरी जाऊन येणारा तो गट वर्षानुवर्षं चालतो आणि तरुणाचं ॲप तीन महिन्यांत फोनमधून उडतं. टेकडी उतरून फर्ग्युसन रस्त्यावर ‘वैशाली’त डोसा खाणारे पुष्कळ आहेत. आहारतज्ज्ञ त्यावर नाक मुरडतील. मुरडोत. त्या डोशाच्या आशेनं रविवारची फेरी होत असेल, तर डोशाला माफ करावं. सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीबद्दल आणि कांदाभजीबद्दल मात्र इतकं उदार होता येत नाही, कारण गाडीनं वर जाऊन खाणाऱ्यांची गर्दी चालत चढणाऱ्यांपेक्षा किती तरी मोठी असते.

ठरलेली वेळ हवी, हे बहुतेक सगळे सांगतात. तेही अर्धंच खरं आहे. गूगलच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगात काहींना स्वतः ठरवलेल्या दोन तासांतच व्यायाम केला तर पैसे मिळत, काहींना दिवसभरात कधीही केला तरी. पैसे थांबल्यावर जास्त टिकली ती दुसरी मंडळी. पहिल्यांची वेळ चुकली की तो दिवसच बुडायचा. सकाळ हुकली तर संध्याकाळी जाऊ, असं म्हणायची त्यांना सवयच राहिली नव्हती. सकाळी सहालाच गेलं पाहिजे हे भूत डोक्यात घेतलेल्यांनी याचा विचार करावा.

माणसांच्या सोबतीनं पाय कसे चालतात याचा सर्वात मोठा पुरावा दर आषाढाच्या आधी पुण्यातूनच जातो. एरवी सोसायटीच्या फाटकापर्यंत रिक्षा बोलावणारे लोक ज्ञानोबांच्या पालखीबरोबर आळंदी ते पुणे एका दिवसात चालतात, काही पुढे दिवे घाट चढून सासवड गाठतात. आयटी कंपन्यांतल्या मुलामुलींची ‘आयटी दिंडी’ही त्यात असते. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर, आणि कुणी त्यांना मोटिव्हेशनचं भाषण दिलेलं नसतं. ती भक्ती आहे, व्यायाम नाही, हे मान्यच. पण दिंडीत मागे पडलेल्याला हात धरून पुढे आणणारा कुणीतरी असतो, आणि तसा तो नसता तर भक्तांपैकीही किती जण सासवडला पोचले असते, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

सोबतीला जोड हवी ती पहिल्या दिवसापासून काहीतरी जमण्याची. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. लहानपण मलेरिया, विषमज्वर, क्षय यांत गेलेलं. गुरू कृष्णम्माचार्यांनी डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. सहा महिन्यांचे सात दशकांहून अधिक झाले. २०१४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते इथंच वारले, आणि नव्वदीतही त्यांची साधना चालू होती. त्यांच्या शिस्तीच्या आणि रागाच्या कथा पुष्कळ आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या, लोड अशी साधनं त्यांनी आसनांत आणली. ज्याचे हात पायाच्या बोटांपर्यंत पोचत नाहीत त्याच्या हाताखाली ठोकळा ठेवला. ताठर कमरेच्या, साठी उलटलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून काहीतरी जमू लागलं. १९७५ पासून मॉडेल कॉलनीजवळच्या रमामणी अय्यंगार संस्थेत शिकायला जगभरचे लोक येत आले. ज्या व्यायामात पहिल्याच दिवशी फजिती होते, तिथं दुसऱ्या दिवशी जाणारा विरळा.

जवळची जागा आणि ओळखीची माणसं पुरवायचं काम या शहरात तालमी करत. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. मानाचा तिसरा गणपती ज्या गुरुजी तालमीचा, तिथला उत्सव १८८७ पासूनचा, म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा, हिंदू-मुसलमान कुटुंबांनी मिळून सुरू केलेला. गणपती आजही दिमाखात निघतो. लाल मातीत घुमणारे पैलवान मात्र आता तिथं शोधू नयेत. पेठांमधल्या कितीतरी तालमींची हीच कथा. ढोल-ताशाच्या सरावाला महिनाभर रोज तीन तास जाणारी मुलं आहेत, तेव्हा आजची पिढी आळशी झाली असं म्हणायलाही जागा नाही. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये सुरू केलेलं महाराष्ट्रीय मंडळ शंभरी ओलांडून उभं आहे, कारण तिथं मैदान आहे, शिकवणारे आहेत आणि आजोबा-मुलगा-नातू अशा पिढ्यांची ये-जा आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा: सूर्यनमस्काराला कुठं टेकडी लागते? सतरंजीएवढी जागा पुरे. बरोबर आहे. पण सूर्यनमस्कार घरोघरी नेण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं त्या औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, काय केलं ते पाहावं. (हे औंध साताऱ्याकडचं, विद्यापीठापलीकडचं नव्हे.) ते स्वतः नित्य नमस्कार घालत, आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी संस्थानच्या शाळांमधून ते सुरू केले. एकट्यानं सतरंजीवर चिकाटी दाखवणारे लोक असतात. त्यांच्या हिमतीवर आरोग्याचं धोरण उभं करता येत नाही.

म्हणून पुण्यातल्या व्यायामाचा प्रश्न हा निम्मा तरी महापालिकेचा प्रश्न आहे. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगदे यांवरून वेताळ टेकडीचा वाद वर्षानुवर्षं चालला आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्या टेकडीसाठी मोठ्या संख्येनं पुणेकर रस्त्यावर उतरले. वाहतुकीचे आकडे दोन्ही बाजूंनी मांडले जातात, झाडांची, मोरांची, भूजलाची बाजूही मांडली जाते. टेकडीवर रोज सकाळी जी हजारो माणसं औषधाविना रक्तदाब ताळ्यावर ठेवायचा प्रयत्न करतात, त्यांचा हिशेब कुठल्या तक्त्यात दिसत नाही. रस्त्यानं वाचणारी मिनिटं मोजता येतात, मग बुडणाऱ्या फेऱ्याही मोजायला हव्यात.

सायकलींचं बोलायचं तर, हे एके काळी सायकलींचं शहर होतं. कामावर जाणं हाच व्यायाम होता आणि त्यासाठी कुणाला प्रेरणा शोधावी लागली नाही. २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकलींची योजना मोठ्या गाजावाजानं आली. सुरक्षित मार्ग नसताना सायकली आल्या, आणि दोन वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या.

आता बायकांकडे. पुरेसा व्यायाम न करणाऱ्या बायकांचा तो ५७ टक्क्यांचा आकडा आळसाचा नाही. सकाळी सहा ही टेकडीची वेळ, तीच डब्याची आणि शाळेच्या रिक्षाची वेळ. ‘काका, काल दिसला नाहीत’ हे विचारणारं जग बव्हंशी निवृत्त पुरुषांचं आहे, हे कबूल करायला हवं. बाईला मोकळा वेळ मिळतो तो अकरा ते चार किंवा रात्री आठनंतर. दुपारी महापालिकेची बहुतेक उद्यानं कुलूपबंद असतात. रात्री टेकडीवर जायचं म्हटलं तर अलीकडच्या लूटमारीच्या घटनांनंतर घरचे नको म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. फुटपाथवर चालावं तर तो मधेच संपतो, किंवा त्यावर दुचाकी येते. अशा बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढायला शिका’ असा सल्ला देणारे लेख महिला दिनाच्या पुरवण्यांत दरवर्षी येतात. सल्ला देणाऱ्यांनी त्याबरोबर वेळेचं ठिकाणही सांगावं.

उद्यानं दुपारी उघडी ठेवणं ही काही कोट्यवधींची योजना नव्हे. त्याहून सोपी गोष्ट मैदानांची. महापालिकेच्या शाळा जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत. अनेकींना लहान का होईना मैदान आहे, आणि शाळा सुटली की फाटकाला साखळी लागते. संध्याकाळी सात ते रात्री दहा ती मैदानं आसपासच्या बायकांसाठी, कामावरून उशिरा परतणाऱ्यांसाठी उघडता येतील. वस्तीतल्या दहा-पंधरा जणी एकदा जमू लागल्या की कोण आली नाही याची चौकशी त्या आपसांत करतीलच. तेवढा पुणेरीपणा प्रत्येक वॉर्डात शिल्लक आहे. महापालिकेकडून हवेत दोन दिवे, एक रखवालदार आणि फाटकाची किल्ली कुणाकडे राहणार याचा लेखी आदेश.